नोकरी गेली तर: सहीच्या आधी आणि पुढचे काही महिने

फेब्रुवारी २०२३ मधल्या एका मंगळवारी दुपारी साडेतीनला मला एचआरच्या केबिनमध्ये बोलावलं. चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी अकरा वर्षं क्वालिटीला होते. चार वाजून दहा मिनिटांनी बाहेर आले, तेव्हा माझ्या हातानं लिहिलेला राजीनामा त्यांच्या फायलीत लागला होता. नवी नोकरी मिळायला मला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत कुठल्या कागदाची किंमत किती, कोणती खिडकी कधी बंद होते, कोणाला आधी फोन करायचा, हे सगळं धडपडत कळलं. ते आधी माहीत असतं तर बरंच वाचलं असतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. खाजगी कंपनीत, पीएफ कापला जाणाऱ्या पगारावर काम करणाऱ्या कोणालाही यातलं बहुतेक लागू पडेल.

१. नोकरी आहे तोवरच करून ठेवा

कंपनी माणसं कमी करणार असते तेव्हा आधी काही गोष्टी दिसतात. ओव्हरटाइम बंद होतो. कंत्राटी मुलं कमी होतात. व्हेंडरचे फोन वाढतात, कारण त्यांची बिलं अडकलेली असतात. पगार एक तारखेचा चार तारखेवर जातो. "तुझं काम जरा याला पण शिकवून ठेव" असं कोणीतरी म्हणतं. यातल्या दोन-तीन गोष्टी एकदम दिसल्या तर घाबरू नका, पण त्याच आठवड्यात खालची कामं उरका.

पीएफचं पासबुक उघडा आणि दर महिन्याची रक्कम जमा झाली आहे का ते बघा. कंपनीनं ती पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. पगारातून कापलेले पैसे पासबुकात नसतील तर कंपनी अडचणीत असल्याची यापेक्षा स्पष्ट खूण नाही.

यूएएनला (पीएफच्या तुमच्या कायम क्रमांकाला) आधार, पॅन आणि बँक खातं जोडलेलं आहे का, नाव आणि जन्मतारीख सगळीकडे एकसारखी आहे का, हे तपासा. नावातल्या एका अक्षराच्या फरकावरून क्लेम (पैसे काढायचा अर्ज) परत येतो. दुरुस्तीला कंपनीची मंजुरी लागली, तर नोकरीत असताना ती दोन दिवसांत मिळते आणि बाहेर पडल्यावर दोन महिने फोन करावे लागतात.

आता मोबाइल नंबर. माझ्या आधारला जोडलेला नंबर कंपनीच्या सिमचा होता. सिम त्याच संध्याकाळी जमा करावं लागलं आणि त्यानंतर पीएफचा, बँकेचा, आयकराचा एकही ओटीपी मला मिळेना. आधार केंद्रात जाऊन नंबर बदलेपर्यंत माझी सगळी कामं थांबली. बँक, विमा, आधार, शाळेचं ॲप, नोकरीच्या संकेतस्थळांवरची खाती, सगळीकडे स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ईमेल टाका. हे आजच करा.

पगाराच्या स्लिपा, नेमणूक पत्र, पगारवाढीची पत्रं आणि फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) दर वर्षी स्वतःच्या ईमेलवर ठेवत जा. काढलेल्या माणसाचं लॉगिन बहुतेक वेळा तो केबिनमध्ये बसलेला असतानाच बंद होतं. एक सांभाळा: फक्त तुमचे स्वतःचे कागद घ्या. ड्रॉइंग, ग्राहकांच्या याद्या, कंपनीच्या फायली पाठवून ठेवल्यात तर तेच तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल.

आणि पैसे. सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते मोडता येतील अशा ठेवीत असावेत. पगार थांबला की किती दिवस निघतील हे कळण्यासाठी मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट घेऊन बसा. आमच्या घरी आम्ही खर्च सांगायचो ३२ हजार आणि स्टेटमेंटमध्ये निघाला ४७ हजार.

२. केबिनमध्ये बोलावलं त्या दिवशी

हा भाग मी सगळ्यात सावकाश लिहिते आहे, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं.

मला जे सांगितलं गेलं ते असं: "कंपनीची परिस्थिती तुम्हाला माहीतच आहे. आम्ही काढलं तर तुमच्या रेकॉर्डला डाग लागेल, पुढे नोकरी मिळणार नाही. राजीनामा दिलात तर रिलिव्हिंग लेटर चांगलं देऊ." समोर कोरा कागद आणि पेन. माझ्याआधी चौघांनी लिहून दिल्याचंही सांगितलं. मी लिहून दिलं.

राजीनामा आणि कपात (म्हणजे माणसं कमी करताना कंपनीनं काढणं) यात कायद्याच्या दृष्टीनं जमीनअस्मानाचा फरक आहे. कामगार या व्याख्येत बसणाऱ्या माणसाला किमान एक वर्षाच्या सलग नोकरीनंतर कपातीत काढलं, तर निदान एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. हे औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. संहितेत त्यात आणखी एक भर आहे: कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात ४५ दिवसांच्या आत १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीतून (नवं कौशल्य शिकता यावं म्हणूनच्या निधीतून) जमा व्हायची आहे. स्वतःहून राजीनामा दिलेल्याला यातलं काहीच मिळत नाही. माझी अकरा वर्षं म्हणजे १६५ दिवस, साडेपाच महिन्यांचा पगार. तो मी एका पानावर सोडून दिला.

"मी तर इंजिनिअर, मी कुठला कामगार?" असं वाटत असेल तर थांबा. पदाच्या नावापेक्षा तुम्ही प्रत्यक्षात काय काम करता हे बघितलं जातं. मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे आणि महिना १८ हजारांपेक्षा जास्त पगारावर देखरेखीचं काम करणारे यातून वगळलेले आहेत. माझ्या कार्डावर 'सीनियर इंजिनिअर' होतं, पण हाताखाली एकही माणूस नव्हता. पार्ट मोजायचे, रिपोर्ट लिहायचा, हे माझं काम. असं असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय हक्क सोडू नका.

म्हणून त्या खोलीत एवढंच करा:

पाण्याचा ग्लास मागा. काय सांगतायत ते वहीत लिहून घ्या, तारीख आणि वेळेसकट. मग म्हणा, "मला हे लेखी द्या. मी घरी वाचून, सल्ला घेऊन दोन दिवसांत उत्तर देते." "आत्ताच सही करा, नाहीतर ऑफर रद्द" असं म्हटलं तरी हेच वाक्य पुन्हा म्हणा. भांडू नका, रडू आलं तर येऊ द्या, पण सही करू नका. मिळाल्याची पोच म्हणून सही मागितली तर तिच्याखाली "फक्त प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही" असं लिहून तारीख टाका.

घरी गेल्यावर त्याच रात्री स्वतःच्या ईमेलवरून एचआरला साधा मेल करा: आज अमुक वाजता बैठक झाली, मला राजीनामा देण्यास सांगितलं, मी वेळ मागितला. दबावाखाली सही झालीच असेल तर तेही त्याच रात्री लिहा. मी हे तीन आठवड्यांनी लिहिलं आणि तोवर त्याला फारसा अर्थ उरला नव्हता.

कधीकधी राजीनामा देण्यातही फायदा असतो, म्हणजे कंपनी कायद्यापेक्षा जास्त पैसे लेखी देत असेल तर. तेव्हा आकड्यांची तुलना करा. मात्र तोंडी आश्वासनाला शून्य किंमत द्या.

३. हातात यायलाच हवेत असे कागद

- नोकरी संपल्याचं पत्र (कपात, राजीनामा स्वीकृती, जे असेल ते), त्यात शेवटची तारीख आणि कारण
- रिलिव्हिंग लेटर आणि अनुभव पत्र
- फुल अँड फायनलचा (नोकरी संपताना मिळायच्या सगळ्या पैशांचा) तपशीलवार हिशेब, नुसता आकडा नव्हे
- शेवटच्या तीन महिन्यांच्या पगार स्लिपा आणि फॉर्म १६
- लॅपटॉप, ओळखपत्र, सिम, गेज, लॉकरची किल्ली परत केल्याची पोच
- ग्रॅच्युइटीचा (केलेल्या नोकरीच्या वर्षांबद्दल शेवटी मिळणाऱ्या रकमेचा) अर्ज दिल्याची पोच
- मेडिक्लेमची प्रत आणि ती कोणत्या तारखेला संपते ते

वस्तू परत केल्याची पोच लोक सोडून देतात. माझ्या एका सहकाऱ्याच्या हिशेबातून चार महिन्यांनी एका व्हर्नियर कॅलिपरचे पैसे कापले गेले. तो त्यानं परत केला होता, पण त्याच्याकडे कागद नव्हता.

४. हिशेब आधी स्वतः मांडा

कंपनीचा आकडा येण्याआधी तुमचा तयार असू द्या. त्यात येतं: काम केलेल्या दिवसांचा पगार, नोटीस पिरियडचा पगार, शिल्लक रजांचे पैसे, बोनस किंवा इन्सेंटिव्हचा देय भाग, अडकलेली प्रवास बिलं, कपात असेल तर भरपाई, आणि ग्रॅच्युइटी.

ग्रॅच्युइटीला साधारणपणे पाच वर्षांची सलग नोकरी लागते. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्यांना नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनं एक वर्षानंतरही ती दिली आहे. तुम्ही राजीनामा दिलात तरी ग्रॅच्युइटी जात नाही, हे लक्षात ठेवा. अनेक जण तीही गेली असं समजतात. सूत्र सोपं आहे: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त झाले असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात. मूळ पगार ४०,००० आणि ११ वर्षं असतील तर २,५३,८४६ रुपये होतात. नव्या संहितांमध्ये वेतनाची व्याख्या बदलली आहे. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरतात, त्यामुळे मूळ पगार मुद्दाम कमी ठेवला असेल तर आकडा वाढू शकतो. पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले असतील, तर शेवटची तारीख नोटीस पिरियडच्या अखेरची लावून घ्या.

मुदती अशा: वेतन संहितेनुसार काढल्यावर किंवा राजीनाम्यानंतर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत, नंतर व्याजासह. अर्ज आला नाही तरी ग्रॅच्युइटी देणं कंपनीवर बंधनकारक आहे, पण अर्ज द्या आणि पोच घ्या. "आमच्याकडे फुल अँड फायनल ४५ दिवसांनी होतं" हे कंपनीचं धोरण झालं, कायदा नव्हे.

कराचंही बघा. तुमच्या पगारातून टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) वर्षभराचं उत्पन्न धरून कापलेला असतो. नोकरी मध्येच गेली तर खरं उत्पन्न कमी भरतं आणि रिटर्न भरल्यावर पैसे परत येतात. नवी कंपनी मिळाली की तिला जुन्या नोकरीतलं त्याच वर्षाचं उत्पन्न कळवा, नाहीतर वर्षअखेरीस एकदम कर भरावा लागतो.

५. पीएफला घाईनं हात लावू नका

पहिल्या महिन्यात सगळे सांगतात, "पीएफ काढून टाक." मी तो काढला नाही आणि तो निर्णय बरोबर ठरला. नोकरी गेली तरी त्या खात्यावर व्याज मिळत राहतं. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढलेल्या रकमेवर साधारणपणे कर लागतो. जुनं खातं नव्याकडे वळवलं तर आधीची वर्षं त्यात धरली जातात. पीएफसोबतच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. आठ-नऊ वर्षं झालेल्या माणसानं पेन्शनचे पैसे काढून घेतले, तर आयुष्यभराच्या पेन्शनचा हक्क थोडक्यात जातो. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्या, म्हणजे झालेली वर्षं पुढे धरली जातात.

पैसे काढणं भागच असेल तर किती आणि कधी काढता येतात याचे नियम अलीकडे बदलत आले आहेत. मित्रानं दोन वर्षांपूर्वी काय केलं यावर जाऊ नका, ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) संकेतस्थळावर अर्ज करायच्या दिवशीचा नियम वाचा. कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख टाकलेली आहे का ते बघा. टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः ती पोर्टलवर टाकू शकता. त्यासाठी एजंटला पैसे द्यायची गरज नाही.

पगार कमी असल्यामुळे तुम्ही ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विम्यात) असाल, तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सध्या चालू आहे का, ते तुमच्या शाखा कार्यालयात विचारा. नोकरी गेल्यावर सरासरी रोजच्या वेतनाच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस देण्याची ही योजना आहे. फार थोड्यांना ती माहीत असते.

६. मेडिक्लेम

कंपनीचं कवच बहुतेक वेळा शेवटच्या दिवशीच संपतं. आई-वडील किंवा सासू-सासरे त्यात असतील तर इकडे आधी लक्ष द्या. शेवटच्या दिवसाआधीच विमा कंपनीला लेखी विचारा की गटाच्या पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत यायचं आहे. असं केलं तर जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ (ज्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही तो) जितका पूर्ण झाला असेल तितका धरला जातो. मी विचारलं नाही. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांच्यासाठी नवी पॉलिसी घेताना प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजला गेला.

७. हप्ते आणि बँक

पहिला हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा. मुदत वाढवून हप्ता कमी करणं, काही महिने फक्त व्याज भरणं, असं काही मिळू शकतं आणि ते मागायची ताकद हप्ता थकायच्या आधी जास्त असते. ९० दिवसांहून जास्त थकलं की खातं बुडीत वर्गात जातं आणि पुढची बोलणी कठीण होतात. अर्जाला नोकरी संपल्याचं पत्र जोडा.

क्रेडिट कार्डाचं 'किमान देय' भरत राहणं हा सगळ्यात महाग मार्ग आहे, उरलेल्या रकमेवर महिन्याला ३ टक्क्यांच्या वर व्याज चढतं. ॲपवरून मिळणाऱ्या झटपट कर्जाच्या वाटेला जाऊच नका. आणि तुमचं सॅलरी अकाउंट पगार थांबल्यावर काही महिन्यांनी साधं बचत खातं होतं, मग काही बँकांत किमान शिल्लक नसेल तर दंड कापला जातो. बँकेला विचारून ठेवा.

८. घरी सांगणं

नवऱ्याला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. सासूबाईंना नाही. "त्यांचं बीपी वाढेल" असं आम्ही दोघांनी ठरवलं. मोशीच्या चौकात सकाळी पावणेसातला कंपनीची बस यायची, त्याच वेळी मी डबा घेऊन रोज निघत राहिले. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "अगं, रजा किती दिवसांची आहे तुझी? डबा तर मी रोज भरतेय आणि संध्याकाळी तो तसाच धुवायला पडतोय." मी सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग त्यांनी मला गिरणी बंद पडली तेव्हा सासऱ्यांनी दीड वर्ष काय केलं ते सांगितलं. हे मला लग्नाच्या चौदा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. पाच दिवस मी त्यांच्यापासून जे लपवत होते, त्याचा अनुभव घरात त्यांनाच सगळ्यात जास्त होता.

मुलांना वयाला झेपेल असं सांगा. शाळेला लेखी विनंती केली तर फी हप्त्यांत भरता येते, आमच्या मुलाच्या शाळेनं तीन हप्ते करून दिले.

रात्री झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो. मी दुसऱ्या महिन्यात तिथे फोन केला होता. पलीकडच्या बाईंनी घाई न करता ऐकून घेतलं आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी घराबाहेर पडायला सांगितलं. ते मला खरंच उपयोगी पडलं.

९. नवी नोकरी शोधताना

पहिला आठवडा बायोडेटात घालवू नका. जुन्या सहकाऱ्यांची, व्हेंडरची, ग्राहकांकडच्या ओळखीच्या लोकांची यादी करा आणि एकेकाला फोन करा. मला नोकरी एका जुन्या पुरवठादारामुळे मिळाली. संकेतस्थळांवर अर्ज करत राहाच, राज्य सरकारच्या महास्वयं पोर्टलवरही नाव नोंदवा, तिथे रोजगार मेळाव्यांच्या तारखा कळतात.

मुलाखतीत "का सोडली?" याचं उत्तर दोन वाक्यांत पाठ ठेवा: "कंपनीनं माणसं कमी केली, त्यात माझा विभाग होता. मी अकरा वर्षं हे काम केलं." जुन्या साहेबांबद्दल पुढे काही बोलू नका.

नोंदणी फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, प्रशिक्षणाचा खर्च असं काहीही मागणारी ऑफर खोटी असते. मलाही एक आली होती, पत्रावर एका मोठ्या कंपनीचा शिक्का होता आणि ८,५०० रुपये मागितले होते. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, पहिल्या काही तासांत रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त असते.

१०. कंपनी पैसे देतच नसेल तर

आधी ईमेल, मग नोंदणीकृत टपालानं पत्र, मग तुमच्या जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज. पीएफ भरला नसेल तर तक्रार ईपीएफओकडे वेगळी करा. अर्ज करायला उशीर करू नका, प्रत्येक गोष्टीला कायद्यात मुदत आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ही गोष्ट मला माझ्या राजीनाम्यानंतर वर्षभरानं कळली.

जाताना नेमणूक पत्र, स्लिपा, बँक स्टेटमेंट, केबिनच्या बैठकीनंतर केलेला मेल आणि तुम्ही मांडलेला हिशेब सोबत न्या. अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर तारखेचा पोचशिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.